रॅमच्या फाटकाचा अडसर

आमच्या ऑल्डरविकच्या रॅम सराईला येत्या सप्टेंबरात चारशे वर्षं पूर्ण होतात. त्यासाठी गावात समिती नेमली आहे, समिती एक पुस्तिका काढते आहे आणि त्या पुस्तिकेत सराईचा इतिहास लिहायचं लोढणं माझ्या गळ्यात बांधलं आहे. कारण एवढंच, की बाजारचौकात रॅमच्या अगदी समोर आमचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. आधी वडिलांचं, मग माझं. समितीच्या अध्यक्षीणबाई मिसेस वेल्बर्न म्हणाल्या, "एडविन, तुम्ही सगळं डोळ्यांनी पाहिलंय." पाहिलंय खरं. पण मी पाहिलेलं त्यांना नकोच आहे. त्यांना दोन पानं हवीत, गोडगोड हवीत आणि त्यांत तीन गोष्टी हव्यातच: कुठल्याशा राजाने इथे घोडे बदलले ती, दरोडेखोर धुराड्यात लपून बसला ती, आणि सात नंबरच्या खोलीत रडणाऱ्या बाईच्या भुताची.

मी विचारलं, "राजा आल्याचा पुरावा काय?"

"पुरावा कशाला हवा? सगळेच सांगतात की."

ते धुराडं मी स्वतः टेप लावून मोजलं आहे. त्यात बदक अडकेल, दरोडेखोर तर सोडाच. आणि सात नंबरच्या खोलीत रडते ती पाण्याची टाकी. एकसष्ट साली मी तिची तोटी बदलून दिली तेव्हा ते भूत दोन वर्षं गप्प होतं.

"आणि हेटी लडलम?" मी विचारलं.

बाईंनी चहाच्या कपात चमचा उगाच फिरवला. "ते प्रकरण नको बाई आता. वाचताना लोकांना बरं वाटलं पाहिजे. आणि पुस्तिकेचा खर्च आता सराई जिची आहे ती कंपनीच देतेय, विसरू नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जो राजा कधी आला नाही त्याला अर्धं पान, आणि त्रेपन्न वर्षं जिने त्या सराईतली भांडी, चुली, माणसं सांभाळली तिचं नावही नको. तर मग हा घ्या इतिहास. छापा नाहीतर चुलीत घाला.

हेटी तेहतीस साली रॅममध्ये आली तेव्हा चौदा वर्षांची होती. भांडी घासायला घेतली होती. वीस वर्षांची झाली तेव्हा स्वयंपाकघर तिच्या हातात होतं आणि तिशीपर्यंत सगळी सराईच. मालक होते मिस्टर गार्थ, तीन पिढ्यांचे सराईवाले. ते दारात उभे राहून लोकांचे हात हातात घेत आणि आत हेटी काम करी. अंगाने बारकी, हात मात्र गवंड्यासारखे. केस इतके घट्ट बांधायची की भुवया कायम वर चढलेल्या दिसत.

मंगळवारी आमचा बाजार. बरोबर एक वाजता रॅमच्या लांब टेबलावर शेतकऱ्यांची पंगत बसे. ठरलेलं जेवण, ठरलेल्या खुर्च्या. बापाची खुर्ची मुलाला मिळे, दुसरा कोणी चुकून बसला तर त्याला उठवत. त्या पंगतीत हेटी काय सर्टिफिकेट देते याकडे सगळ्यांचे कान असत. कारण ही बाई खोटं बोलत नसे. खोटं बोलणं तिला जमायचंच नाही.

एकदा जॉस हेब्डनने, मेंढ्यांचा मोठा व्यापारी तो, ताट पुढे ओढत विचारलं, "हेटी, बीफ ताजं आहे ना गं?"

"नाही. कालचं आहे."

मिस्टर गार्थ दारात पांढरे पडले. जॉस म्हणाला, "अगं, निदान खोटं तरी बोल! तेवढंच बरं वाटलं असतं."

"बरं वाटायचं असेल तर चर्चमध्ये जा. कालचं आहे, पण चांगलं आहे. खायचं तर खा, नाहीतर खुर्ची सोड, मागे लोक उभे आहेत."

जॉसने खाल्लं आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. पुढे मेंढ्यांच्या सौद्यात दोघांचं जुळलं नाही की लोक म्हणत, "चला, हेटीला विचारू." एका लग्नात तर नवरीने आरशासमोर उभं राहून तिला विचारलं, "मी कशी दिसते?" ही म्हणाली, "दमलेली. बस खाली, चहा आणते." नवरीची आई आठ दिवस फुगून बसली होती. नवरी मात्र तीस वर्षांनीही तो चहा आठवायची.

आता फाटकाचं. रॅमच्या पोटातून एक कमान जाते. पूर्वी घोडागाड्या त्यातून आत येत. चौकातून कमानीत शिरलं, अंगण ओलांडलं, की माणूस मागच्या गल्लीत निघतो. तिथे बारा खोल्या आहेत. कोणा लोकरवाल्याने मरताना गावातल्या निराधार म्हाताऱ्यांसाठी बांधलेली धर्मादाय ओळ. म्हाताऱ्यांना चर्चला, डॉक्टरकडे, बाजारात यायचं तर ही कमानच. नाहीतर मिल हिलच्या एकशे अकरा दगडी पायऱ्या उतरून, गिरणीला वळसा घालून परत चढायचं.

आमच्या देशात एक गंमत आहे. एखाद्याच्या जागेतून लोक वीस वर्षं बिनदिक्कत ये-जा करत राहिले, तर तो रस्ता लोकांचा होतो. म्हणून शहाणे मालक वर्षातून एक दिवस फाटक लावून घेतात. रस्ता आमचा, तुम्हाला मेहेरबानीने जाऊ देतो, हे दाखवायला. गार्थांच्या घरात ही रीत गुड फ्रायडेला पाळत. त्या दिवशी दुकानं बंद, गिऱ्हाईक कमी. सकाळी सातला कमानीचं हिरवं फाटक बंद करायचं, आतून लोखंडी अडसर घालायचा, संध्याकाळी सातला काढायचा आणि एका काळ्या वहीत तारीख घालून लिहायचं, "फाटक बंद." खाली सही.

बावन्न साली मिस्टर गार्थ गुडघ्यांनी बेजार झाले आणि गुड फ्रायडेला बहिणीकडे समुद्रावर जायला लागले. फाटकाचं काम हेटीकडे आलं. "तुझ्यावर सोडलं की मला काळजी नाही," ते म्हणाले. तिनेही ते तितक्याच इमानाने केलं. सातच्या ठोक्याला फाटक लावलं, अडसर घातला, वहीत लिहिलं.

त्या दिवशी गारांचा पाऊस होता. दहाच्या सुमाराला मागच्या गल्लीच्या बाजूने कोणी फाटक ठोठावलं. टॉम ॲस्क्यू. पन्नास वर्षं रॅमच्या तबेल्यात घोडे पाहिलेला म्हातारा, आता बारा खोल्यांपैकी चौथीत राहणारा. हेटी नवी होती तेव्हा स्वयंपाकीणबाईच्या शिव्या खाऊन ती तबेल्यात जाऊन रडायची आणि टॉम तिला घोड्यांसाठी ठेवलेली साखर द्यायचा.

"हेटी, उघड गं पोरी. चर्चला चाललोय."

"आज बंद आहे, टॉम. सगळ्यांना बंद."

"अगं, या अंगणात मी जन्म काढला. मला कसलं बंद?"

"मालकांचा हुकूम आहे. कुणालाच नाही म्हणजे नाही."

टॉम हसला म्हणे. "बरोबर आहे तुझं," म्हणाला, आणि मिल हिलकडे वळला. चाळिसाव्या पायरीवर घसरला. खुबा मोडला. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, व्हिटसनच्या सणात, गेला. इस्पितळात त्याने हेटीला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि हेटीला तेच सोसलं नाही. हे तिने मला स्वतः सांगितलं आहे, एकदाच, माझ्या दुकानात गोणपाटाच्या ढिगावर बसून.

पुढच्या गुड फ्रायडेपासून तिने अडसर हातात धरला नाही. फाटक नुसतं ओढून घ्यायची. वाऱ्याने हलू नये एवढं. आणि आतल्या बाजूला खुर्ची टाकून बटाटे सोलत बसायची. म्हातारे यायचे, खांद्याने फाटक ढकलायचे, "हॅपी ईस्टर, हेटी" म्हणायचे आणि जायचे. मग बाकीचेही जायला लागले. गुड फ्रायडेला रॅमचं फाटक जरा जोर लावून ढकलायचं असतं, हे गावात पोराटोरांना ठाऊक होतं. संध्याकाळी ती वही काढायची. मालकांनी शिकवलेले दोन शब्द लिहायची. सही करायची.

कधी खोटं न बोललेल्या बाईने वर्षातून एकदा, शाई सांडू न देता, खोटं लिहिलं. चौतीस वर्षं. हे मिस्टर गार्थांकडची नोकरी टिकवायला रचलेलं खोटं नव्हतं. त्यांना वही हवी होती. आणि म्हाताऱ्यांना वाट हवी होती. दोघांचंही भागावं म्हणून मधलं पाप तिने आपल्या नावावर घेतलं. माझ्या मते हेच रॅमच्या चारशे वर्षांतलं सर्वांत मोठं काम आहे, आणि ते बटाटे सोलताना झालं.

शहाऐंशीत मिस्टर गार्थ वारले. मुलं नव्हती. सराई एका कंपनीने घेतली. मंगळवारची पंगत पहिल्याच महिन्यात बंद झाली, लांब टेबल लिलावात गेलं, जॉसच्या मुलाला खुर्चीही मिळाली नाही. हेटीला तबेल्यावरची खोली मिस्टर गार्थांनी हयातभरासाठी दिली होती, पण तोंडी. कंपनीने "तूर्त राहा" म्हणून सांगितलं. आणि सत्त्याऐंशीच्या वसंतात कमानीला कुलूप लागलं. अंगणात पाहुण्यांच्या मोटारी लावायच्या होत्या.

गाव उसळलं. मिसेस वेल्बर्न तेव्हा ऐन भरात होत्या. त्यांनी सह्या गोळा केल्या, अर्ज केला, सरकारी चौकशी लावून घेतली. चाळीस माणसं सांगायला तयार झाली की आम्ही वीस काय, चाळीस वर्षं तिथून जातोय, गुड फ्रायडेलासुद्धा. तेवढ्यात गार्थांच्या कपाटात कंपनीला काळी वही सापडली. पस्तीस वर्षं. फाटक बंद, फाटक बंद, फाटक बंद. सही एच. लडलम.

मग गावाने जे केलं ते लिहिताना मला आजही लाज वाटते. खाटकाच्या दुकानात रांगेत हेटी उभी राहिली की बोलणं थांबायचं. एकदा मिसेस वेल्बर्न भिंतीवरच्या सॉसेजच्या माळेकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "काही लोकांना मालकाचं उष्टं इतकं गोड लागतं, की शेजारीपाजारी गेले खड्ड्यात."

हेटी म्हणाली, "अर्धा पौंड कलेजी दे, वॉल्टर."

एकानेही तिला विचारलं नाही की बाई, तू असं का लिहिलंस? तिच्या देखत त्याच फाटकाला खांदा लावून आत गेलेली ही माणसं! ज्यांनी तिला खुर्चीवर बसून बटाटे सोलताना पाहिलं होतं, तीच आता नाक मुरडून रस्त्याच्या पलीकडून चालू लागली. कंपनीने तिला साक्षीला बोलावलं हे कळल्यावर तर बारा खोल्यांतल्या एका म्हातारीनेही तिच्या तोंडावर दार लावलं. आणि कंपनीचा मॅनेजर तिला गोड आवाजात म्हणाला, "फक्त सही तुमची आहे एवढं सांगा. खोलीचं आपण बघू."

चौकशीच्या आधीच्या मंगळवारी सकाळी ती माझ्या दुकानात आली. मी एकटाच होतो.

"एडविन, रॅमच्या फाटकाला रंग कोण देतं?"

"मीच द्यायचो की. गार्थसाहेब होते तोवर, दर तीन वर्षांनी."

"अडसर बसतो त्या आकड्यांनाही?"

"हो, आकड्यांनाही..." म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की तिचा रोख कुठे आहे. गल्ल्याशेजारी कंपनीची ऑर्डर पडली होती. बावीस खोल्यांची कुलपं, बिजागऱ्या, कड्या. मी ती हाताने हळूच उलटी केली. तिने ते पाहिलं.

"त्या आकड्यांवरचा रंग कधी खरवडलेला दिसला तुला? लोखंडाचा अडसर वर्षातून एकदा जरी पडला असता, तरी ओरखडा दिसला असता. हो की नाही?"

"आता इतक्या वर्षांचं कोण लक्षात ठेवतं, हेटी?"

"तू ठेवतोस. माझ्या आईने सत्तेचाळीस साली नेलेल्या बादलीचा कान सैल होता, हे तू मला गेल्या महिन्यात सांगितलंस." ती पुढे वाकली. "मी काय सांगणार ते मला माहीत आहे. पण माझ्या हातची पस्तीस पानं माझ्याविरुद्ध आहेत. माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवेल? तू नुसतं आकड्यांचं सांग. बाकी मी बघते."

"हेटी, मला यात ओढू नकोस. माझा धंदा आहे. इकडे गाव, तिकडे कंपनी."

"बरं," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. जाताना अर्ध्या इंचाच्या चुकांचं, म्हणजे बारीक खिळ्यांचं, पाकीट घेतलं. तिला चुकांची काही गरज नव्हती. पण दुकानात येऊन रिकाम्या हाताने परतणं तिला पटत नसे.

चौकशी रॅमच्याच वरच्या नाचघरात झाली, कारण गावात तेवढी मोठी खोली दुसरी नाही. चहा कंपनीचा. सरकारचे तपासणी अधिकारी मिस्टर फेअरक्लॉ, बारीक, सर्दी झालेले, दर पाच मिनिटांनी रुमाल काढणारे. दोन दिवस गावातले चाळीस जण बोलले. कंपनीच्या वकिलाने एकेकाला एकच प्रश्न विचारला, "रस्ता खुला झाला तर तुमची सोय होईल ना?" सगळ्यांना हो म्हणावं लागलं. मग त्याने वही वर धरली. इथे मात्र कुणाची सोय नाही, म्हणाला. इथे एका प्रामाणिक नोकराणीची नोंद आहे, जिच्या खरेपणाची हे गावच शपथ घेतं.

तिसऱ्या दिवशी हेटी उभी राहिली. चर्चची निळी टोपी घातली होती.

"मिस लडलम, हे अक्षर तुमचं?"

"हो."

"सगळ्या पस्तीस सह्या तुमच्या?"

"हो."

मागून कोणी तरी "थू" केलं. वकील हसून खाली बसणार, तोच ती म्हणाली, "त्यातली पहिली खरी आहे. बाकी चौतीस खोट्या."

वकील अर्धवट वाकलेला तसाच राहिला. "काय म्हणालात?"

"खोट्या. बावन्न साली मी फाटक लावलं आणि टॉम ॲस्क्यू मेला. त्यानंतर मी अडसर कधी घातला नाही. लोक जात होते, मी तिथेच बसलेली असायची. संध्याकाळी मी लिहायची की बंद होतं. ते खोटं होतं. मला ठाऊक होतं की खोटं आहे. लिहून घ्या."

"म्हणजे तुम्ही तुमच्या मालकांना चौतीस वर्षं फसवलंत?"

"हो."

"आणि ज्या बाईने चौतीस वेळा लेखी खोटं सांगितलं, तिच्यावर आम्ही आज विश्वास ठेवावा? का? शेजारी रस्त्यात बोलत नाहीत म्हणून आज हे सुचलं ना?"

त्या भरल्या खोलीत ही एकटी बाई आपलं आयुष्यभराचं नाव स्वतःच्या हाताने मातीत घालत होती, आणि आम्ही सगळे कंपनीचा चहा पीत बसलो होतो. मी तिसऱ्या रांगेत. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी कपाच्या तळाकडे बघत राहिलो.

मिस्टर फेअरक्लॉंनी रुमाल खिशात घातला. "अडसर अजून आहे का?" त्यांनी विचारलं. "चला, बघू."

सगळे खाली कमानीत आलो. अडसर कोपऱ्यात होता, कोळ्याच्या जाळ्यांत. दोन माणसांनी उचलून आकड्यांवर ठेवला. बसेना. रंगाचे थर इतके चढले होते की अडसर आत जायला जागाच नव्हती. मिस्टर फेअरक्लॉंनी चाकूने एका आकड्याची कड तासली. हिरव्याखाली हिरवा, त्याखाली हिरवा, झाडाच्या खोडात दिसावीत तशी वलयं. कुठेच खरवड नाही, कुठेच गंज नाही.

"हे रंगवतं कोण?"

हेटीला माहीत होतं. तिने नाव घेतलं नाही. ती अंगणातल्या फरशीकडे बघत उभी राहिली. पण बाकी सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं, मग काय करणार.

"मी," मी म्हणालो. "दर तीन वर्षांनी. त्रेपन्नच्या उन्हाळ्यापासून. आकड्यांवर ओरखडा कधीच नव्हता."

"हे महत्त्वाचं आहे, मिस्टर ट्रॅन्मर. तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?"

हेटी माझ्यापासून दोन पावलांवर उभी होती.

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हणालो.

तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फरशीकडे पाहिलं. मिस्टर फेअरक्लॉंनी माझं वाक्य लिहून घेतलं.

रस्ता लोकांचा झाला. चौकात बँड वाजला, मिसेस वेल्बर्नचा फोटो पेपरात आला. दुसऱ्याच आठवड्यात कंपनीने हेटीला खोली सोडायची नोटीस दिली. नोटिशीत कारण लिहिलं होतं, "मालकाचा विश्वासघात." एकोणसत्तराव्या वर्षी ती दोन पेट्या घेऊन रस्त्यावर आली, आणि तिने अर्ज केला तो कुठे? बारा खोल्यांत. चौथी खोली रिकामी होती. टॉमची.

बारा खोल्यांचे आम्ही पाच विश्वस्त. मिसेस वेल्बर्न, पाद्रीसाहेब, एक वकील, एक बँकवाले आणि मी. आमच्यातल्या वकिलाने लोकरवाल्याच्या मृत्युपत्रातलं कलम वाचलं. खोली मिळणारी व्यक्ती "सत्यवचनी व निष्कलंक" असली पाहिजे.

मिसेस वेल्बर्ननी उसासा टाकला. "आपल्याला तिच्याबद्दल सहानुभूती आहेच. पण तिने स्वतःच सगळ्यांसमोर कबूल केलंय. चौतीस वेळा! नियम तो नियम."

पाद्रीसाहेब म्हणाले, "क्षमा वेगळी आणि पात्रता वेगळी."

हे पाद्री रोज सकाळी त्याच कमानीतून येऊन बारा खोल्यांत प्रार्थना घ्यायचे! त्या दिवशीही तिथूनच आले होते. चौघांनी विरोधात हात वर केले. मी वर केला नाही. बाजूनेही केला नाही. सत्यवचनी माणसांच्या त्या खोलीत मी एक खोटं घेऊन बसलो होतो, सरकारी कागदावर नोंदलेलं, आणि मला कुणी उठवलं नाही, कारण ते हेटीखेरीज कुणाला माहीत नव्हतं. आणि हेटीने ते कुणाला सांगितलं नाही.

ती हल शहरात भाचीकडे गेली. बसथांब्यावर मी एकटाच होतो, पेटी उचलायला. मी म्हणालो, "हेटी, मी त्या दिवशी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "जपून उचल, तिचा कान सैल आहे." पाच वर्षांनी ती तिकडेच वारली. गावातून चार माणसं गेली होती. कंपनीने फुलं पाठवली, म्हणजे बघा.

आणि आता मिसेस वेल्बर्न फोनवर सांगतात की कमानीत पितळी पाटी बसवायची आहे, "शतकानुशतके सर्वांसाठी खुली" अशी. पाटीला स्क्रू कोणते लागतील, असं मला विचारतात. पुस्तिकेतल्या मजकुराखाली माझी सही हवी आहे म्हणे, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की हा इतिहास डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने लिहिलाय. ठीक आहे. सही करतो. राजाखाली नाही, दरोडेखोराखाली नाही. या खालच्या तीन ओळींखाली. काळ्या वहीत ती लिहायची तशाच लिहिल्या आहेत, त्यातला एक शब्दही बदलू नये.

गुड फ्रायडे. फाटक उघडं होतं.
मला विचारलं होतं.
ई. ट्रॅन्मर.